रोझा पार्क्स म्हातारी नव्हत्या, दमलेल्याही नव्हत्या

भाचीची सोमवारी शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. तिच्या वहीतलं भाषण वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला थांबलो. 'एक थकलीभागली म्हातारी शिवणकामवाली बसमध्ये सहज बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा कायदा बदलला.' कुठून आणलंस म्हटलं, तर म्हणे, "मामा, आईच्या ग्रुपवर आलंय." मलाही तो मेसेज तीनदा आलाय. शेवटी उपदेश: 'संघटना नको, तयारी नको, एकट्याने मनात आणलं की पुरे.'

म्हातारी कसली? ही बाई म्हणजे काळ्या रोझा पार्क्स. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून त्यांना अटक झाली, तेव्हा, १ डिसेंबर १९५५ ला, त्या ४२ वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या वयाच्या. शिवणकाम मात्र खरं. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात एका दुकानात त्या कपडे बेतून द्यायच्या आणि कामावरूनच घरी निघाल्या होत्या. त्या संध्याकाळी ठरवून बसल्या नव्हत्या, हेही मान्य. पण थकल्या होत्या? आत्मचरित्रात त्यांनीच सांगितलंय की अंग रोजच्यापेक्षा जास्त दमलं नव्हतं, कंटाळा आला होता तो नमतं घेण्याचा.

'तयारी नको' हे वाचून मात्र डोकं फिरतं. बाई काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. रेसी टेलर या तरुणीवर १९४४ मध्ये सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा माहिती काढायला त्याच गेल्या होत्या. १९५५ च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत त्यांनी प्रशिक्षण घेतलं होतं. त्यांना अटक झाली त्या रात्री जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापक बाईंनी कॉलेजच्या सायक्लोस्टाइलवर हजारो पत्रकं काढली. मग काळ्यांनी शहरातल्या बसवर बहिष्कार टाकला; ३८१ दिवस माणसं कामाला पायी गेली, एकमेकांच्या गाड्यांतून गेली. हे एकट्याने मनात आणून होतं?

त्याच काळात जेम्स लॉसन नावाचा अमेरिकन तरुण नागपुरात हिस्लॉप कॉलेजात होता. बहिष्काराची बातमी त्याने तिथेच पेपरात वाचली. परत गेल्यावर नॅशव्हिलमध्ये चर्चच्या तळघरात तो पोरांकडून तालीम करून घ्यायचा. एकाने हॉटेलात बसल्यासारखं खुर्चीवर बसायचं. बाकीच्यांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. त्याने हात उचलायचा नाही. हे पुन्हा पुन्हा. फेब्रुवारी १९६० मध्ये ती पोरं हॉटेलांतल्या गोऱ्यांपुरत्या राखीव, खऱ्या काउंटरवर जाऊन बसली आणि मे महिन्यात तिथे काळ्यांना जेवण मिळू लागलं.

राहिला 'दुसऱ्या दिवशी बदललेला' कायदा. चार दिवसांनी रोझा पार्क्सना खर्चासकट १४ डॉलर दंड झाला. पुढे नोकरीही गेली. बसमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणारा कायदा रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर १९५६ चा, तोही दुसऱ्याच चार जणींच्या खटल्यात. त्यांतली क्लॉडेट कोल्विन रोझांच्या नऊ महिने आधी बसमध्ये अशीच बसून राहिली होती आणि पोलिसांनी तिला ओढून नेलं होतं. वय १५.

भाची १४ ची आहे. तिने अख्खं पान खोडलं आणि भाषण क्लॉडेटपासून सुरू केलंय.