ग्लॅडिएटर मेला तर पन्नास पट भाडं

महिन्याभरात हा फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आला. एका ठिकाणी तर आमच्या मामांनी सकाळी सव्वासहाला टाकला, खाली हात जोडलेले दोन इमोजी. ‘रोमन साम्राज्याचं भयानक सत्य’ असं शीर्षक आणि त्याखाली मुद्दे. ग्लॅडिएटरची प्रत्येक लढत एकाचा जीव गेल्यावरच संपायची. सम्राटाने अंगठा खाली केला की मरण, म्हणून ते आधीच ‘मरायला निघालेल्यांचा सलाम’ ठोकायचे. सगळ्या सैनिकांना सरकारकडून एकसारखं लोखंडी पट्ट्यांचं चिलखत फुकट. बाप मनात आलं की मुलाला मारून टाकायचा आणि बायको म्हणजे नवऱ्याची मालमत्ता. सैनिकांना लग्नाची बंदी, म्हणून त्यांना घरदारच नाही. शेवटी ‘असा रक्तपिपासू समाज बुडणारच होता, पुढे पाठवा.’

यातला रोमन माणूस वेडापिसा आहे. जुन्या लेखांतून आणि शिलालेखांतून भेटतो तो रोमन माणूस वही उघडून बसलेला असतो. खरं सांगायचं तर हा दुसरा जास्त अंगावर येतो.

लढतीपासून सुरुवात करू. ग्लॅडिएटर तयार करणं खर्चाचं काम होतं. तालमीचा मालक, ज्याला ते लानिस्टा म्हणत, त्याने माणूस विकत घेतलेला असे किंवा करारावर ठेवलेला असे. त्याला महिनोन्‌महिने खाऊ घालायचं, वस्तादाकडून तयार करायचं, जखमा झाल्या की वैद्य बोलवायचा. गालेन हा पुढे नावाजलेला वैद्य इ.स. १५७ च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामोन शहरात ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणूनच नोकरीला होता. असा तयार गडी दर लढतीला मारून कुठला धंदा चालेल?

दुसऱ्या शतकातल्या गायस नावाच्या कायदेपंडिताने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात एक उदाहरण दिलंय. मी तुला खेळासाठी ग्लॅडिएटर दिले. जो धडधाकट परत येईल त्याच्या घामापोटी २० देनारियस (चांदीची नाणी) दे, जो मेला किंवा जायबंदी झाला त्याचे १००० दे. आता सांगा, हा व्यवहार भाड्याचा की विक्रीचा? गायसचं उत्तर असं, की परत आला तर भाड्याचा, मेला किंवा निकामी झाला तर विक्रीचा. त्या काळी लीजनमधल्या, म्हणजे रोमन नागरिकांच्या पलटणीतल्या, साध्या शिपायाचा वर्षाचा पगार ३०० देनारियस होता. म्हणजे खेळ भरवणाऱ्याला एक मुडदा तीन शिपायांच्या वर्षभराच्या पगाराएवढा पडायचा. वाटेल तेव्हा ‘मार’ म्हणून ओरडणं गर्दीला फुकट होतं, यजमानाला नव्हतं. फॉरवर्डवाल्याने हे एक उदाहरण वाचलं असतं तर पहिला मुद्दा त्याने लिहिलाच नसता. जिवंत माणूस कधी भाड्याचा आणि कधी विक्रीचा, हा वर्गात सोडवायचा प्रश्न होता, हे मात्र त्याला हवं होतं त्याहून भयंकर आहे.

सिसिलीत फ्लामा नावाच्या ग्लॅडिएटरचा समाधिलेख सापडलाय. जन्माने सीरियन, ३० वर्षं जगला, ३४ लढती. २१ जिंकल्या, ९ बरोबरीत सुटल्या, ४ वेळा हरला पण सोडून दिला. बेरीज जुळते, मी करून पाहिली. कुस्तीच्या फडात ‘बरोबरीत सोडवली’ म्हणतात तसा निकाल तिथेही होता, आणि आकडा बघा, चौतीसपैकी नऊ. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराच्या भिंतींवर चाहत्यांनी निकाल खरडून ठेवलेत. नावापुढे एकेक अक्षर, जिंकला, सोडला किंवा मेला. तिन्ही अक्षरं भेटतात. माणसं मरत होती, यात वादच नाही. पण दर वेळी एक मरणारच असता तर ‘सोडला’साठी वेगळं अक्षर लागलं नसतं. जीवदानाची सोयच नसलेल्या लढतींवर पहिला सम्राट ऑगस्टस याने बंदी घातली होती, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. बंदी घालावी लागली, म्हणजे तशाही लढती लावणारे होते, हेही त्यातून कळतंच.

सरळसोट कत्तल व्हायची ती दुपारी. सकाळी जनावरांचा खेळ, ग्लॅडिएटर नंतर, आणि मधल्या वेळात शिक्षा झालेले गुन्हेगार मारले जात. त्यांना ढाल नाही, टोप नाही. सेनेका हा रोमन तत्त्वज्ञ एकदा दुपारी जाऊन बसला आणि मित्राला पत्रात लिहिलं, सकाळी माणसं सिंह-अस्वलांपुढे टाकतात, दुपारी प्रेक्षकांपुढे. फॉरवर्डने हे दोन वेगळे प्रकार एकाच कढईत टाकलेत.

अंगठ्याचं लवकर आटपतो. ज्युव्हेनल या रोमन कवीने ‘वळवलेला अंगठा’ एवढंच म्हटलंय. वर की खाली की आडवा, हे सांगितलेलं नाही. खाली केलेला अंगठा आपल्या डोक्यात बसला तो मुख्यतः जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रामुळे, सिनेमे त्यानंतरचे.

‘मरायला निघालेल्यांचा सलाम’ मात्र मजेशीर आहे. हे वाक्य आपल्याकडे आलंय ते इ.स. ५२ मधल्या एका प्रसंगातून. इटलीतल्या फुसिनस तलावावर सम्राट क्लॉडियसने लुटुपुटूची नव्हे, खरीखुरी नाविक लढाई लावली होती आणि लढणारे होते शिक्षा झालेले कैदी. ग्लॅडिएटर नव्हेत. ते ओरडले, “मरायला निघालेले तुला सलाम करतात!” क्लॉडियसला गप्प बसवेना. तो म्हणाला, “किंवा नाहीही!” झालं. कैद्यांनी ते माफी धरलं आणि लढायला साफ नकार दिला. मग सगळ्यांना जाळून-कापून टाकावं का, असा विचार करत बसलेला सम्राट शेवटी उठला आणि आपल्या लटपटत्या पायांनी तलावाकाठी पळत, कुणाला दम दे, कुणाची मनधरणी कर, असं करत त्यांना लढायला लावू लागला. नेहमीचा सलाम म्हणून हे वाक्य दुसरीकडे कुठे नोंदलेलं नाही. एका फसलेल्या विनोदाचा आपण रिवाज करून टाकला.

आता चिलखत. पट्ट्यापट्ट्यांचं ते चिलखत खरं आहे. इंग्लंडमध्ये कॉर्ब्रिजला १९६४ साली एका पेटीत त्याचे भाग सापडले, त्यावरून ते कसं जोडायचे हे नीट कळलं. पण सगळ्यांना तेच? हा समज रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावरून आलाय. सम्राट ट्राजनच्या डेशियातल्या युद्धांची आठवण म्हणून उभारलेल्या, इ.स. ११३ च्या त्या स्तंभावर लीजनचे शिपाई पट्ट्यांच्या चिलखतात आहेत आणि मदतनीस पलटणी (बहुतेक नागरिक नसलेल्यांच्या) कड्यांच्या, म्हणजे बघणाऱ्याला कोण कोण ते पटकन ओळखता यावं. त्याच युद्धांचं दुसरं स्मारक सरहद्दीवर, आजच्या रुमानियात अदामक्लिसीला आहे, इ.स. १०९ चं. तिथे लीजनचेच शिपाई कड्यांच्या आणि खवल्यांच्या चिलखतात कोरलेत. राजधानीतल्या कारागिरापेक्षा सरहद्दीवरच्या कारागिराने शिपाई जास्त वेळा पाहिला असणार, असं आपलं माझं मत.

आणि फुकट तर अजिबात नाही. इ.स. १४ मध्ये डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या पलटणींनी बंड केलं तेव्हा पेर्केनियस नावाच्या शिपायाची तक्रार टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नोंदवली आहे. जिवाची आणि शरीराची किंमत रोजचे दहा अस, त्यातूनच कपडे, शस्त्रं आणि तंबू. (अस म्हणजे तांब्याचं नाणं, १६ चा एक देनारियस.) टोपांच्या मानेकडच्या पट्टीवर मालकाचं नाव टोचून लिहिलेलं आढळतं, काही टोपांवर तर एकापाठोपाठ दोन-तीन नावं. म्हणजे टोप सेकंडहँड फिरत होते.

आजच्या इस्रायलमधल्या मसाडाच्या किल्ल्यात पपायरसच्या (लव्हाळ्याच्या कागदाच्या) तुकड्यावर गायस मेसियस नावाच्या घोडेस्वाराची पगारपावती सापडली. एका हप्त्याचा पगार ५० देनारियस. वजा सातू १६, जेवण २०, बूट ५, चामड्याचे पट्टे २, तागाचा अंगरखा ७. हातात शून्य. ज्याने कधी सॅलरी स्लिप उघडून खालच्या ओळीकडे पाहिलंय त्याला मेसियस परका वाटणार नाही.

बापाच्या अधिकाराचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तो जास्त पसरतो. कायद्यात बापाला मुलाच्या जीवनमरणाचा अधिकार होता. पण वापरला तर? सेनेकानेच सांगितलेली गोष्ट आहे. एका बापाने मुलाला फटके मारमारून ठार केलं. लोकांनी त्याला भर फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, गाठलं आणि मेणाच्या पाट्यांवर लिहायच्या टोकदार लेखण्यांनी भोसकायला सुरुवात केली. त्या गर्दीत बापही होते आणि मुलंही. ऑगस्टसच्या शब्दाला मान होता म्हणून तो कसाबसा वाचला. पुढे सम्राट हेड्रियनच्या काळात एकाने शिकारीच्या निमित्ताने मुलाला मारलं. कारण होतं, मुलाचं सावत्र आईशी प्रकरण. तरी सम्राटाने बापाला बेटावर हद्दपार केलं. बापाची सत्ता मायेत असावी, क्रौर्यात नाही, असा त्यामागचा आधार नोंदलाय.

रोजच्या जगण्यात बापाचा अधिकार जाणवायचा तो पैशात. बाप जिवंत असेपर्यंत चाळिशीतल्या मुलाच्या नावावरही काही नसायचं. जे हाती असे ते बापाने वापरायला दिलेलं, कागदोपत्री बापाचंच. आणि बायको? पहिल्या शतकापर्यंत बहुतेक लग्नं अशी होती, की बाई कायद्याने माहेरचीच राहायची. तिची जमीन वेगळी, नवऱ्याची वेगळी, नवराबायकोने एकमेकांना दिलेली देणगीही कायदा मानत नसे. मालमत्ता कसली? बायको नवऱ्याच्या कुटुंबातच धरलेली नव्हती. मुलं मात्र त्याची.

फॉरवर्डला धक्काच द्यायचा होता तर नकोशा तान्ह्या बाळांना उघड्यावर टाकून देण्याबद्दल लिहायचं होतं. रोमच्या ताब्यातल्या इजिप्तमधून, इ.स.पू. १ मध्ये, हिलारियन नावाचा माणूस गरोदर बायकोला पत्र लिहितो. काळजी करू नको, पगार मिळाला की पाठवतो. मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. पुढच्या ओळीत लिहितो, मला विसरू नको म्हणालीस, तुला कसा विसरेन? या पत्रात रक्तपिपासू कुणी नाही.

राहिला सैनिकांच्या लग्नाचा मुद्दा. बंदी खरी होती, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. १९७ च्या सुमारास ती उठवली. ‘म्हणून घरदार नाही’ हा निष्कर्ष मात्र चिखलाने खोटा पाडला. ब्रिटनमधल्या विंडोलांडाच्या छावणीत ओल्या मातीत चामडं टिकलं आणि शेकडो जोड्यांत लहान मुलांचेही जोडे निघाले. तिथल्याच एका लाकडी पत्रात कुणीतरी कुणालातरी मोजे, दोन जोड वहाणा आणि दोन चड्ड्या पाठवल्याची नोंद आहे. कुठून तरी पार्सल आलंय, एवढं तर दिसतंच.

सरकारलाही सगळं माहीत होतं. मदतनीस पलटणीत २५ वर्षं काढलेल्या शिपायाला नागरिकत्वाची सनद मिळायची, तिची नक्कल तो काशाच्या पत्र्यावर कोरून घ्यायचा. लग्नाला मनाई असलेल्या माणसाच्या त्या सनदेतला मजकूर ठरलेला असे. त्या वेळी ज्या बायका असतील त्यांच्याशी कायदेशीर लग्नाचा हक्क दिला आहे, आणि जे एकटे असतील त्यांना पुढे ज्या करतील त्यांच्याशी. मात्र एकाला एकच.