जांभा कठीण होतो, म्हणून मुरूमही होईल काय?

‘दगड जितका ऊन-पाऊस खातो तितका कठीण होतो, त्यामुळे विहिरीच्या किंवा दरडीच्या मऊ दगडाला बांधणीची (दगड-विटांच्या आधारभिंतीची) गरज नाही’, असे आपल्या सीमाभागात सर्रास सांगितले जाते आणि पुरावा म्हणून बेळगावजवळच्या खानापूरकडचा जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड, पुढे केला जातो.

जांभ्याचे उदाहरण खरे आहे, पण ते जांभ्यापुरतेच. खाणीतून ओला निघालेला चिरा (जांभ्याचा ठोकळा) सुकू लागला की त्यातील लोहाची संयुगे पाणी गमावून घट्ट होतात, म्हणूनच भारतीय मानकानुसार चिरा 3 महिने उघड्यावर ठेवून मगच वापरावा. हे घट्ट होणे वाळण्याचे फळ आहे, भिजण्याचे नव्हे. ते अमर्याद वाढतही नाही. शिवाय त्याच मानकाची दाब सोसण्याची किमान अपेक्षा चौरस सेंटीमीटरला 35 किलो एवढीच आहे, तर ताजा काळा कातळ 1000 किलोंहून अधिक भार सहज पेलतो.

मुरमाची गोष्ट नेमकी उलटी आहे. मुरूम हा त्याच काळ्या कातळाचा झिजलेला अवतार असून, कातळातील खनिजांची पाण्यामुळे चिकणमाती होत गेल्यानेच तो तयार झाला. ज्या क्रियेने कातळाचा मुरूम केला, तीच क्रिया मुरमाचा पुन्हा कातळ कशी करील?

‘पण खणताना पहारसुद्धा आत शिरत नव्हती’ हा अनुभव खोटा नाही. फक्त तो पहिल्या दिवसाचा आहे. उघडा पडलेला थर उन्हाळ्यात वाळून तडकतो, पहिल्या पावसाचे पाणी त्या तडांत शिरते, चिकणमाती फुगते, आत कोंडलेली हवा कडा फोडते आणि पापुद्रे सुटू लागतात. दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातकट पट्ट्यात हे सर्वांत लवकर दिसते. प्रयोगशाळेत याचसाठी 40 ते 60 ग्रॅमचे दहा तुकडे जाळीच्या पिंपात पाण्यातून 10 मिनिटे फिरवतात, वाळवतात, पुन्हा फिरवतात आणि काय उरले ते तोलतात. केवळ कोरड्या तुकड्यावर दाब देऊन ही खोट कळत नाही.

मऊ दगड पाण्यातही टिकतो, याचा पुरावा म्हणून कोणी गोकाकच्या धबधब्याचा कडा दाखवतात. तो वालुकाश्म गारेने (सिलिकाने) सांधलेला आहे. त्याला मऊ दगड म्हणणेच चूक.

विहिरीत तर बांधणी सर्वांत आधी हवी ती पाणी चढते-उतरते त्या पट्ट्यात, कारण ओले-कोरडे होण्याचा फेरा तेथे सतत चालतो, आतला मऊ थर पोखरला जातो आणि वरचा टणक थर आधाराविना लोंबत राहतो.