आधी माणसं मोजा, मग कार्यालय बघा

लग्न ठरलं की घरातून पहिला फोन कार्यालयाला जातो. तारीख मोकळी आहे का, भाडं किती, एवढंच विचारून टोकन दिलं जातं. पाहुण्यांचा आकडा महिन्याभराने निघतो आणि मग त्याला हॉलमध्ये कोंबावं लागतं. जेवणाला लागणारा उशीर, उन्हात उभी माणसं, कमी पडलेली पुरी, केटररशी शेवटच्या तासाला होणारी वादावादी, यातलं बरंचसं या उलट्या क्रमातून येतं. म्हणून कळकळीने सांगणं आहे की दोन्ही घरांनी आधी बसून माणसं मोजा.

मोजायची कशी? पत्रिका मोजून नाही. ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेल्या एका पत्रिकेमागे एक माणूसही येतो आणि पाचही येतात. वहीत तीन रकाने करा. पहिल्यात घरचे, भावकीतले आणि बाहेरगावहून मुक्कामाला येणारे, हे सगळेच्या सगळे धरा. दुसऱ्यात शेजारी, ऑफिस, मित्रमंडळी. यातले शंभरातले सत्तर धरा. तिसऱ्यात ज्यांना नुसता शब्द राखायला बोलावलंय ते. यातले चाळीस पुरेत. समजा दोन्ही घरांच्या वह्या मिळून पहिल्यात १८०, दुसऱ्यात ३०० आणि तिसऱ्यात २०० नावं आहेत. १८० अधिक २१० अधिक ८०, म्हणजे ४७० पानं. वरपक्ष आणि वधूपक्ष दोघांनी आपापली वही अशीच करायची आणि सामाईक ओळखीची नावं एकदाच धरायची. रविवार असेल, लग्न गावातच असेल, तर दुसऱ्या रकान्यातले शंभरातले ऐंशीपर्यंत धरा. आडवार आणि दूरचं गाव असेल तर साठावर आणा.

हा आकडा हातात घेऊन कार्यालयात जा आणि मुख्य हॉलच्या आधी जेवणाचा हॉल बघा. ‘आमच्याकडे हजार माणूस मावतं’ असं सांगतात ते स्टेजसमोरच्या खुर्च्यांबद्दल असतं. दुपारच्या मुहूर्ताला अक्षता पडल्या की पाचच मिनिटांत सगळी माणसं एकाच दाराकडे वळतात, त्यामुळे खरी कसोटी जेवणाच्या जागेची लागते. १२० जणांची पंगत असेल तर वाढणं, जेवणं, टेबलं पुसून पुन्हा पानं मांडणं याला चाळीस मिनिटं धरा. ४७० माणसांना चार पंगती लागतात, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. मुहूर्त १२:२५चा आणि पहिली पंगत पाऊण वाजता बसली, तर चौथी पावणेतीनला बसते आणि ३:२५ला उठते. त्या पंगतीत बहुतेक घरचीच माणसं असतात, पहाटे पाचपासून उठलेली.

बुफेचं गणित वेगळं, पण तेही मांडावंच लागतं. मेजाच्या एका बाजूने एका रांगेतून मिनिटाला साधारण चार माणसं पुढे सरकतात. दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या तर आठ. ४७० जणांना तासभर लागतो, तोही कुणी थबकलं नाही तर. थबकायला लावतात त्या गरम पुऱ्या, डोसा, चाट. ते रांगेत ठेवूच नका, चार पावलं दूर वेगळं टेबल द्या. ताटल्यांचा ढीग रांगेच्या सुरुवातीला, पाणी आणि गोड जेवणाच्या टेबलांजवळ. बुफे ठरला तरी चाळीसेक ज्येष्ठांसाठी बसून वाढायची सोय ठेवाच. गुडघे धरून ताट हातात घेऊन उभी राहिलेली आजी हे कुठल्याही लग्नात दिसू नये.

कार्यालयाला विचारायचे बाकीचे प्रश्न लवकर सांगतो. ताबा किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि जादा तासाचा दर काय? आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन असेल तर तो वेळ भाड्यात आहे की वेगळा? जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे आणि पंखे? डिझेल कोणाचं? केटरर आणि डेकोरेटर त्यांचाच घ्यावा लागतो का? स्टेजवर होम पेटवायला परवानगी आहे का, आणि धूर जायला वाट आहे का? एसी हॉलमध्ये हा प्रश्न हटकून राहून जातो आणि ऐन विधीच्या वेळी गुरुजींना होमकुंड घेऊन बाहेर जावं लागतं. मे महिन्यात पाण्याचा टँकर कोण मागवणार? तारीख बदलली तर पैशांचं काय? आणि जीएसटी दरात धरलाय की वरून? हे सगळं पावतीच्या मागे लिहून घ्या, तोंडी नको.

तारखेबद्दलही एक सांगायचंय. तुळशीच्या लग्नानंतरचे आणि वैशाखातले ठरावीक दिवस सगळ्यांनाच हवे असतात, आणि त्या दिवशी कार्यालय, केटरर, मेकअपवाली, फोटोग्राफर सगळ्यांचे दर चढे आणि लक्ष वाटलेलं असतं. अधिक महिना आला की उन्हाळ्याचा मोसम आणखी आखूड होतो. २०२६मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे मेचा उत्तरार्धच गेला. पंचांगात गौण काळातले, आपत्कालीन मुहूर्तही दिलेले असतात. घरच्या गुरुजींना मोकळेपणाने विचारा. आणि ऐन उन्हाळ्यातच करायचं असेल तर दुपारच्या साडेबाराऐवजी गोरज मुहूर्ताचा विचार जरूर करा. माणसं उन्हातून येत नाहीत, जेवणही निवांत होतं.

आता जेवण. केटररला आपण ‘मिनिमम गॅरंटी’चा आकडा देतो, तेवढ्या पानांचे पैसे माणसं आली नाहीत तरी द्यावे लागतात. अंदाज ४७०चा असेल तर गॅरंटी ४२५ची द्या आणि त्यावर दहा टक्के जादा तयारी ठेवण्याचं कबूल करून घ्या. गॅरंटीवरच्या पानाचा दर तोच राहील हेही लिहून घ्या, कारण नेमका तिथे दर वाढवला जातो. मोजणी ताटल्यांची असते. जेवण सुरू होण्याआधी ताटल्या मोजायच्या, संपल्यावर उरलेल्या मोजायच्या, आणि दोन्ही वेळा आपल्याकडचा एक भरवशाचा माणूस तिथे उभा हवा. बँडवाले, ड्रायव्हर, फोटोग्राफर, मेकअपची मंडळी, सजावटीची पोरं मिळून तीस-चाळीस पानं सहज होतात. ती मूळ आकड्यात धरा. राबणारा माणूस उपाशी राहणं हे यजमानाला शोभत नाही.

प्रमाणाचा अंदाज आपल्यालाही हवा, नाहीतर केटरर सांगेल ते खरं मानावं लागतं. शंभर पानांना साधारण सात ते आठ किलो तांदळाचा मसालेभात, साध्या भाताला चार किलो, पुरीला दहा किलो कणीक, म्हणजे पाचशेच्या आसपास पुऱ्या. श्रीखंड किंवा जिलबी दहा ते बारा किलो. दोन्ही ठेवलीत तर प्रत्येकी सात पुरतं. मठ्ठा वीस ते पंचवीस लिटर. पिण्याचं पाणी उन्हाळ्यात माणशी एक लिटर, हात धुण्याचं आणि भांड्यांचं वेगळं. सगळ्यात जास्त अंदाज चुकतो तो सकाळच्या नाष्ट्याचा. मुक्कामी माणसं ऐंशी म्हणून ऐंशी प्लेट सांगतात, पण गावातली जवळची मंडळीही साडेआठलाच येऊन पोचतात. दीडपट सांगा. शंभर प्लेटला सात-आठ किलो पोहे लागतात, आणि चहा माणशी दोन कप धरा.

अन्न बाधण्याचा धोका उन्हाळ्यात खरा असतो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. सकाळी आठला शिजवलेला भात पातेल्यात झाकून दुपारी तीनपर्यंत वाढला, तर त्या मधल्या कोमट अवस्थेत जंतू वाढतात, आणि पुन्हा गरम केल्याने त्यांनी तयार केलेलं विष दर वेळी नाहीसं होत नाही. म्हणून भात, पनीरची भाजी, आमटी दोन वेळांना शिजवायला सांगा, अर्धी अकराला आणि अर्धी साडेबाराला. बासुंदी, श्रीखंड, मठ्ठा बर्फात ठेवलेल्या भांड्यातून थोडं थोडं बाहेर काढायचं. मठ्ठ्यात पडणारा बर्फ खाण्याचा आहे ना, हे स्वतः बघा. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे, निळसर लादी दिसली तर ती भांड्याच्या बाहेरच राहू द्या. केटररकडे अन्न परवाना आहे का हे विचारायला संकोच करू नका.

वेळेचं गणित मुहूर्तापासून मागे मोजत करायचं. १२:२५च्या मुहूर्ताला मंगलाष्टका बारा-दहाच्या आसपास सुरू होतात. मामा नवरीला बारा वाजता गौरीहरापासून घेऊन निघणार, म्हणजे ती साडेअकराला तिथे बसलेली हवी. नऊवारी नेसवायला पाऊण तास, केस आणि मेकअपला अडीच-तीन तास, म्हणजे पावणेआठला सुरुवात. नेमक्या त्याच वेळी गुरुजींनी पुण्याहवाचन आणि देवक मांडलेलं असतं, ज्यात नवरीला आईवडिलांसोबत पाटावर बसायचं असतं. मेकअपवाली एका खोलीत ताटकळते, गुरुजी दुसरीकडे, आणि त्या ओढाताणीत पाऊण-एक तास जातो. हा घोळ जवळपास दर लग्नात होतो आणि टाळणं अगदी सोपं आहे. गुरुजी आणि मेकअपवाली यांचं आठवडाभर आधी एकदा फोनवर बोलणं करून द्या. पुण्याहवाचन आणि देवक शक्य असेल तर आदल्या दिवशी उरका, नाहीतर पहाटे सहाला घ्या.

वरातीचंही तसंच. जिथे वरात देवळापासून कार्यालयापर्यंत वाजतगाजत येते तिथे एक किलोमीटरला तास जातो. नाचणाऱ्यांना कोणी थांबवत नाही आणि मुहूर्त निघून जातो. वरात निघायची वेळ ठरवण्यापेक्षा ती पोचायची वेळ ठरवा आणि ती सांभाळायला नवरदेवाच्या काकांसारखा एक खमक्या माणूस नेमा. रस्त्यावर मिरवणूक आणि स्पीकर असेल तर पोलिसांची परवानगी घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं.

अक्षता पडण्याआधी स्टेजवरून होणारे सत्कार आणि पुढाऱ्यांची आशीर्वादपर भाषणं माझ्या मते पूर्ण बंद व्हायला हवीत. चारशे माणसं उपाशी बसलेली असताना कोणाच्याही मानासाठी त्यांना अर्धा तास थांबवायचा अधिकार आपल्याला नाही. मान द्यायचाच असेल तर नाव पुकारून नमस्कार करा.

उलट ज्याला वेळ द्यायला हवा ते आपण उरकून टाकतो. कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी याला किमान दीड तास लागतो. पण पाहुण्यांना भेटायला आणि फोटोला जोडप्याला स्टेजवर उभं करतात आणि सप्तपदी पाच मिनिटांत होते. हिंदू विवाह कायदा, १९५५च्या कलम ७ प्रमाणे जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट सांगितलं की आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. तेव्हा पाहुण्यांच्या भेटी सप्तपदीनंतर ठेवा, फोटोग्राफरला प्रत्येक पावलाचे फोटो घ्यायला सांगा आणि मुला-मुलीला मुहूर्तानंतर लगेच फळं, सरबत द्या. विधीचं साहित्य एकाच पेटीत हवं: अंतरपाट, मंगळसूत्र, जोडवी, हार, मुंडावळ्या, लाह्या, समिधा, तूप, सुपाऱ्या, तांदूळ. किल्ली कोणाकडे आहे ते तिघांना तरी माहीत असावं. लाह्या घालायला नवरीचा भाऊ लागतो, त्याला त्या वेळी पाहुणे आणायला स्टेशनवर पाठवू नका.

पैशांच्या बाबतीत याद्यांची बैठक हीच जागा. कोणता खर्च कोणाचा, मानपानाच्या साड्या किती, ऐरणीदान कोणाला, हे दोन्हीकडच्या सह्यांनी लिहून काढा. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, तो यादीत ‘हौस’ म्हणून घुसू देऊ नका. मिळालेल्या भेटींची यादी वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं यांसह करून दोघांनी सही करायची, असं १९८५चे नियम सांगतात. फार थोडी घरं हे करतात, आणि पुढे वाद झाला तर मुलीजवळ स्वतःच्या दागिन्यांचाही पुरावा नसतो. दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी खास क्रमांक बघा, बीआयएस केअर ॲपवर तपासा, आणि बिलात खड्यांचं वजन वजा केलंय ना ते पाहा. एकाच समारंभासाठी एका माणसाकडून २ लाख रुपये किंवा जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याने मनाई आहे. एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम वेगळी ठेवा, ती लागतेच.

विशेष विवाह कायद्याने लग्न करणाऱ्यांनी हॉल ठरवण्याआधी विवाह अधिकाऱ्याला द्यायच्या नोटिशीची तारीख बघावी. नोटिशीनंतर तीस दिवस थांबावं लागतं आणि तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस नव्याने द्यावी लागते. शिवाय दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान तीस दिवसांचा रहिवास हवा.

बाकी सगळ्यांनी नोंदणी नव्वद दिवसांच्या आत करायची असते, शहरात महापालिकेच्या विवाह निबंधकाकडे आणि गावात ग्रामपंचायतीत. तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते, आणि तिथेच काम अडतं, कारण महिन्याभराने गुरुजी दुसऱ्या गावी असतात आणि साक्षीदार मामा पुण्याला परतलेले असतात. परदेशी जाणाऱ्या जोडप्यांचा व्हिसा याच कागदावर अडकतो. पत्रिकेवरची नावं आधार आणि पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी जुळवून छापा, मुलीचं माहेरचं पूर्ण नाव असू द्या. अर्जाचा नमुना आधीच भरून विधीच्या पेटीत ठेवा. सुनमुख झालं की गुरुजींना दक्षिणा देतानाच त्यांची सही आणि आधारची प्रत घ्या, आणि तिन्ही साक्षीदारांच्या सह्या पहिल्या पंगतीला बसण्याआधी.