लाखभर जास्त मोजले, आता गिअर मीच टाकू?

“मग मॅडम, ट्रॅफिकमध्ये मॅन्युअल मोडवर चालवा ना!”

माझ्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स आवाज करतो ही तक्रार घेऊन गेले, तर हे आज सकाळी मला सर्व्हिस सेंटरमधल्या एका कडक इस्त्रीच्या शर्टाने हसत हसत ऐकवलं. हातात टॅबलेट, कानात ते पांढरं बोंडूक. वर पुन्हा, “आपले खूप कस्टमर तसंच करतात.” म्हणजे मी एकटीच मूर्ख नाही, आमची एक पलटणच आहे, हे ऐकून मला बरं वाटावं अशी त्याची अपेक्षा असावी.

अरे बाबा, मला गिअर टाकायचेच असते तर आधीची गाडी काय वाईट होती? वडगाव ते हिंजवडी रोज क्लच दाबून दाबून डाव्या गुडघ्याचं वाटोळं झालं, डॉक्टर म्हणाले आता ऑटोमॅटिक घ्या, म्हणून लाखावर जास्त मोजून ही घेतली. सात गिअर, दोन क्लच, तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा मॅडम, बाकी गाडी बघेल. गाडी बघतेच आहे. मी काय करते ते बघते आणि खट्ट करते.

तर झालं असं की त्या खट्टसाठी गाडी टाकली होती. मागे एकदा टाकली तेव्हा लॅपटॉप जोडून सॉफ्टवेअर अपडेट केलं, क्लचचं अ‍ॅडाप्टेशन केलं, म्हणजे क्लच कुठे पकडतो ते गाडीला नव्याने शिकवलं, काही दिवस गाडी लोण्यासारखी चालली आणि मग पहिले पाढे पंचावन्न. या वेळी ठरवूनच गेले होते, नीट सांगायचं. काउंटरवर उभी राहून सांगितलं. दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना खट्ट. थांबता थांबता परत हललं की घर्रर्र. पार्किंगमध्ये रिव्हर्समधून ड्राइव्हला टाकलं की पोटातून धप्प. तो म्हणाला, “नेमका कसा आवाज?” मी पुन्हा केला. मागे सोफ्यावर फुकटची कॉफी पीत बसलेली सगळी मंडळी मान वर करून बघायला लागली. एका काकांनी तर “माझा ठक्क येतो” म्हणून भर घातली. आणि इतकं सगळं जीव तोडून केल्यावर त्या मुलाने जॉब कार्डवर लिहिलं काय? ‘नॉइज फ्रॉम व्हेइकल’. झालं. संपलं.

मग टेस्ट ड्राइव्ह. सकाळी साडेदहाला, थंड गाडी, मागचा मोकळा रस्ता. टेक्निशियनने बसल्या बसल्या एसी फुल केला, काचा वर, आणि रेडिओ लावला! आवाज शोधायला निघालेला माणूस रेडिओ लावतो! साठच्या स्पीडने एक चक्कर मारून म्हणतो, “स्मूद आहे की.” अरे साठला स्मूदच असणार, साठला मी कधी असते? माझी गाडी चांदणी चौकाच्या अलीकडे दहाने आणि भूमकर चौकात पाचाने चालते. तो आवाज तास-पाऊण तास रांगून, तापून, वैतागून झाल्यावर येतो. मी फोनवर रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवला. त्याने कानाला लावून ऐकला. “मॅडम, यात बसचा हॉर्नच ऐकू येतोय.”

मी काही अडाणी नाही हो. या दुखण्यापायी गिअरबॉक्सचं सगळं शास्त्र वाचून झालंय. एक क्लच एक-तीन-पाच-सातचा, दुसरा दोन-चार-सहाचा. दुसऱ्यावर जरा वेग घेतला की हा गिअरचा डबा म्हणतो बाई आता पळणार, आणि आधीच तिसरा लावून ठेवतो. तेवढ्यात समोरचा रिक्षावाला ब्रेक मारतो. आता हवाय पहिला, आणि पहिला-तिसरा दोन्ही एकाच क्लचचे. मग तिसरा सोड, पहिला पकड, तेही घाईत. तीच ती खट्ट. आणि हे क्लच कोरडे, तेलात बुडलेले नाहीत, त्यामुळे रांगताना अर्धवट लागून घासत राहतात, तापतात, तापले की घर्रर्र. कळलं सगळं. मला पुढचं विचारायचंय. ज्या देशात गाडी विकायची तिथले रस्ते बघायला कुणी आलंच नव्हतं का? की आले होते ते रविवारी सकाळी सहाला?

त्यावर दुसरा सल्ला काय, तर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. रांगू नका, ब्रेक दाबून थांबा, चांगली जागा झाली की एकदम पुढे घ्या, क्लच पूर्ण लागतो. ऐकायला फार छान. पुण्यात अंतर ठेवा! मी ठेवलं. त्या अंतरात दोन अ‍ॅक्टिवा, एक रिक्षा आणि पाण्याचा एक टँकर आला. टँकर नाक घालून आडवा उभा राहिला. मागचा हॉर्न वाजवतोय तो वेगळाच. त्याला काय सांगू, दादा थांबा, माझा विषम संख्यांचा क्लच तापलाय?

आणि सल्ले तर काय, मागितल्याशिवाय मिळतात. न्यू जर्सीहून दीर सांगतात, ट्रान्समिशनचं तेल बदलून घे, आमचा अगदी गप्प झाला. भाऊजी, तुमचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक, तो जन्मभर तेलातच असतो. सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ म्हणतात, उतारावर आधी पी, म्हणजे पार्किंग, नको टाकू. ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, गाडी टेकू दे, मग पी. नाहीतर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका खिट्टीवर येतो आणि निघताना धाड होते. बरोबर आहे काका, पहिल्या दिवसापासून तसंच करते. माझी धप्प सपाट जमिनीवर होते. तरी भेटतील तेव्हा परत सांगतात.

नवरा म्हणतो एएमटी घ्यायला हवी होती, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने टाकणारी. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर ती एएमटी आली तेव्हा हाच म्हणाला होता, “यात गिअर बदलताना मान डोलते, आपल्याला नको.” आता मान डोललेली चालेल म्हणे. याला लायसन्स नाही. तरीही सर्व्हिस सेंटरला हा बरोबर असला की तो शर्ट सगळं त्यालाच समजावून सांगतो. हा “अच्छा, अच्छा” करत राहतो. गाडी माझी, हप्ता माझा, गुडघा माझा, आणि अच्छा-अच्छा याचं!

शिवाय दर वेळी सीट मागे सरकवतात. दर वेळी! आरसे आकाशाकडे. न सांगता केलेलं सॅनिटायझेशन बिलात. वायपर बदलू का, विचारणारा फोन बरोब्बर मीटिंगमध्ये. आणि संध्याकाळी “मॅडम, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमचं इन्सेंटिव्ह जातं.” त्या पोरांची मला दयाही येते, तोच तर राग आहे. नीट भांडूही देत नाहीत.

खरं सांगू का, आता गाडीपेक्षा मीच जास्त बिघडले आहे. स्पीकर चांगले म्हणून वरचं मॉडेल घेतलं होतं. ते बंद. एसी बंद, काच अर्धी खाली, मान तिरकी, अशी मी ऑफिसला जाते. मेच्या उन्हातसुद्धा. परवा मैत्रिणीच्या गाडीत तिच्या सासूच्या ऑपरेशनचं ऐकता ऐकता मी म्हटलं, “तुझा तिसरा जरा उशिरा पडतोय का?” तिने त्यानंतर लिफ्ट दिलेली नाही. रात्री कुणी कपाटाचं दार लावलं तरी मी विचारते, कुठून आला? लेक आता जेवताना ताटाखालून चमच्याने बरोब्बर तसाच खट्ट काढते आणि साळसूद चेहऱ्याने म्हणते, “नॉर्मल आहे आई, कॅरॅक्टरिस्टिक आहे.” पोरगी मोठेपणी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होणार.

कारण हेच लिहून दिलंय आज. दोष आढळला नाही, आवाज या प्रकारच्या गिअरबॉक्सचं वैशिष्ट्य आहे, कस्टमरला समजावून सांगितलं. आणि खाली माझी सही हवी! म्हणजे वॉरंटी संपल्यावर क्लचची जोडी बदलायला निघाली की हाच कागद माझ्या तोंडावर. सही केली नाही. पेन परत दिलं, गाडी धुऊन चकचकीत करून दिलेली घेतली आणि बाहेर पडले. गेटवरच्या स्पीडब्रेकरला वेग कमी केला आणि खट्ट. मी तशीच काच खाली करून ओरडले, “आला! आला! ऐका!” वॉचमनने सलाम केला.

परत आत गेले. म्हटलं, तुमचा माणूस माझ्या शेजारी बसवा, सोमवारी संध्याकाळी साडेसहाला, हिंजवडीतून भूमकर चौकापर्यंत नेते, बघा येतो की नाही आवाज. त्याने टॅबलेट बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच मनापासून काळजीने माझ्याकडे बघितलं.

“नको मॅडम, त्या वेळी गाडी तिकडे नका नेऊ. गिअरबॉक्स तापेल.”