कृपया पान नऊ पाहावे

तुम्ही प्राथमिक शाळेच्या प्रिन्सिपल झालात, अभिनंदन. खुर्ची मिळाली, बेल मिळाली, टेबलावरचा छोटा तिरंगा मिळाला. आता दर महिन्याला पालकांना पत्र पाठवावं लागेल. हल्ली त्याला न्यूजलेटर म्हणतात आणि ते पीडीएफ असतं. घाबरू नका. आमच्या इंदूरमधल्या एका शाळेचं असं पत्र मी नुकतंच पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आहे. का वाचावं लागलं ते पुढे येईलच. मी स्वतः सरकारी प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झालेली बाई, पण आमच्या काळी हे शास्त्र एवढं पुढे गेलेलं नव्हतं.

पहिल्या पानावर तुमचा फोटो हवा. हात जोडलेला चालेल, हनुवटीला पेन टेकवलेला उत्तम. त्याखाली मूल म्हणजे फूल, शाळा म्हणजे बगीचा आणि तुम्ही माळी, हे येऊ द्या. खताचे पैसे कोण भरतं ते लिहू नका. मुलं घरी मराठी बोलोत, मैदानावर हिंदी बोलोत, पत्र इंग्रजीतच असावं. होलिस्टिक, जॉयफुल, ट्वेंटी फर्स्ट सेंचुरी हे शब्द पानागणिक एकदा तरी पडले पाहिजेत. आजी-आजोबांना कळलं नाही तर बरंच. आजी-आजोबा फार प्रश्न विचारतात.

फोटोंमध्ये पाहुण्यांचे चेहरे आणि मुलांच्या पाठी दिसाव्यात.

आकडे द्या, पण पदकांचे. पाचवीतल्या कुणाला कराटेत ब्राँझ मिळालं ते लिहा. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यात दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असं ठरलं आहे. तुमच्या दुसरीत किती मुलं तेवढं वाचतात, हे चुकूनही लिहू नका. पालक घरी घड्याळ लावून बसतील, मग वर्गात येऊन विचारतील, मग तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायला सांगितलंय. त्यातले किती तास रंगीत तालमीत गेले, तेही नको. तालमीचा फोटो आहेच की.

आरोग्यावर अर्धं पान ठेवा. ताठ बसण्याचे फायदे, योग, पाठीच्या कण्याची काळजी. २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलो दिलंय, त्याचा उल्लेख टाळा. माझ्या दुसरीतल्या नातीचं दप्तर मी गल्लीतल्या भाजीवाल्या भैयाच्या काट्यावर ठेवलं होतं. बाटली धरून साडेचार किलो भरलं. तो म्हणाला, ‘इत्ते में तो हफ्ते भर की लौकी आ जाए.’

दुसरीत कांजिण्या आल्या, वर्गाच्या बाई अर्ध्या वर्षात सोडून गेल्या, तरी पत्रात बगीचा फुललेलाच असू द्या.

पुस्तकांबद्दल ‘कुठूनही घ्या’ असंच छापा. मध्य प्रदेशात खासगी शाळांसाठी २०१७ चा कायदा आहे, पालकांना एकाच दुकानात पाठवायची सक्ती चालत नाही. संच एकाच दुकानात मिळतो हे इथल्या पुस्तकांच्या खजुरी बाजारात दोन तास हिंडल्यावर पालकांना आपोआप समजतं.

पत्र पाठवायची वेळ म्हणजे रविवारी रात्री अकरा. फाइल जड ठेवा, म्हणजे आजीच्या फोनवर ती गोल गोल फिरत राहील. ग्रुपवर फक्त तुम्हाला लिहिता यावं, बाकीच्यांनी अंगठा दाखवावा. (पालकांचा दुसरा ग्रुप असतोच. तिथे काय चालतं ते तुम्ही न वाचलेलंच बरं.)

सुट्ट्यांचं गणित सोपं आहे. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक निघते, राजवाड्याच्या बाजूला कुणी मूल शाळेत पाठवणार नाही, हे पाळण्यातल्या इंदुरी बाळालाही ठाऊक असतं. त्या सुट्टीची सूचना आठवडाभर आधी, रंगीत चौकटीत द्या. पण रात्रभर पाऊस कोसळून कलेक्टरसाहेबांनी सुट्टी दिली, की ती बातमी सकाळी मूल मोजे घालून दारात उभं राहिल्यावरच टाका. व्हॅनवाल्या भैयाला आदल्या रात्रीच कळलेलं असतं. त्याला कोण सांगतं देव जाणे, पण त्याला प्रिन्सिपल करायला हरकत नाही.

उद्या यलो डे आहे, सगळ्यांनी पिवळे कपडे घालून यायचं, हे आज रात्री साडेनऊनंतर सांगा.

आता मुख्य कसब. पत्रात एखादी ओळ खरंच कामाची असते, ती ठेवायची कुठे? पहिल्या पानावर ठेवली तर लोक वाचतील. बारा पानी पत्रात नववं पान उत्तम. आठव्यावर नृत्य स्पर्धा, दहाव्यावर बक्षीस समारंभ, आणि नवव्यावर वृक्षारोपणाच्या फोटोत पाहुण्यांच्या बुटांखाली, बारीक राखाडी अक्षरांत लिहा: सोमवारी शिक्षकांच्या प्रशिक्षणामुळे पहिली व दुसरीचे वर्ग अकरा वाजता सुटतील. झालं, तुम्ही कळवलंत.

त्या सोमवारी मी नेहमीसारखी दीडला गेटवर पोचले. एक व्हॅन नाही, एक ई-रिक्शा नाही, बर्फगोळेवालाही नाही. चौकीदार म्हणाला, ‘अम्माजी, बिटिया तो ग्यारह बजे से बैठी है.’ त्याच्या स्टुलावर सात वर्षांची पोर मांडीवर ते साडेचार किलोचं दप्तर घेऊन बसली होती. डबा कधीच संपलेला. त्यानं आपल्या डब्यातला अर्धा पराठा तिला दिला होता. अडीच तास! ऑफिसात माणसं होती, पंखे चालू होते, टेबलावर फोन होता. माझा नंबर प्रवेशाच्या फॉर्मवर आहे. डायरीच्या पहिल्या पानावर आहे. नातीच्या आयकार्डाच्या मागे छापलेला आहे, आणि ते कार्ड तिच्या गळ्यात होतं. गळ्यात! उलटून बघायचे कष्ट कुणाला नव्हते.

ऑफिसात गेले तर तिथल्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, ‘मॅम, न्यूजलेटर में मेंशन था. पेज नाइन.’ पानाचा नंबर तिला पाठ होता. सकाळपासून किती जणांना ऐकवला असेल बघा. म्हणजे चुकलेली मी एकटी नव्हते, आणि तरी त्यांना वाटलं नाही की खोट आपल्या पत्रात असेल. तुम्ही भेटला नाहीत, प्रशिक्षणात होतात. विषय होता पालकांशी सुसंवाद. फळ्यावर लिहिलेलं होतं, दारातून दिसत होतं.

आणि फी? फीची तारीख नवव्या पानावर गेलेली मी अजून पाहिली नाही. शेवटच्या तारखेच्या आधी एसएमएस येतो, अ‍ॅपवर लाल घंटा येते, डायरीत चिठ्ठी येते. एक दिवस उशीर झाला की अकाउंट्समधून गोड आवाजात फोन येतो. तेव्हा माझा नंबर लगेच सापडतो! माझाच नाही, मुलाचा, सुनेचा, तिघांचेही. तुम्हाला पालकांपर्यंत पोचता येतं, बाई. पोचायचं कधी, तेवढं तुम्ही निवडता.

या गावात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, ती आली हे गल्लीतल्या बहिऱ्यालासुद्धा कळतं. २०१७ पासून आपण स्वच्छतेत देशात पहिले म्हणून मिरवतो, सकाळी उठून ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करतो. तुम्हाला बातमी आणि कौतुक ही दोन भांडी वेगळी ठेवता येत नाहीत?

सल्ले पुरे झाले. तुम्ही हे पत्र पालकांना काही कळावं म्हणून लिहीतच नाही. उद्या कुणी जाब विचारला तर ‘कळवलं होतं’ म्हणता यावं, एवढ्यासाठी लिहिता. आणि ट्रस्टींनी फोटो बघावेत म्हणून. आमच्या शाळेत शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर्गात यायचा. आम्ही सही करायचो, फळ्यावर दोन ओळी लिहायचो, मुलं त्या वहीत उतरवून न्यायची. दुसऱ्या दिवशी पालकाची सही बघायची आणि ज्याच्या वहीत सही नाही त्याच्या शेजारच्या मुलाबरोबर घरी निरोप धाडायचा. पालकांपैकी कितीतरी जण निरक्षर होते. सुटायची वेळ बदलली म्हणून पोर गेटवर राहिलंय असं झालं असतं, तर हेडमास्तरांनी आम्हाला उभं केलं असतं. प्रशिक्षण नव्हतं, लाज होती.

पालकांनो, तुम्हीही कमी नाही. पत्र उघडत नाही आणि त्याखाली हात जोडलेलं चित्र टाकता. ‘ब्युटिफुल मॅम’ लिहिणाऱ्या दोघींची मुलं त्या दिवशी माझ्या नातीच्या बाजूलाच बसली होती. मग पालकांच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत शिव्या, आणि मीटिंगला सगळे गप्प. मूल दुसरीत आहे म्हणून घाबरता, दहावीत गेलं की आणखी घाबराल.

तर प्रिन्सिपलबाई, पुढच्या महिन्यात पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, हिंदीत चार ओळी लिहा. शाळा कोणत्या दिवशी किती वाजता सुटेल. कुठल्या वर्गात कसली साथ आहे. कुठल्या बाई गेल्या, त्यांच्या जागी कोण आलं. वाचनात मुलं कुठवर आली. मग मागे अकरा पानं बगीचा लावा, माझी ना नाही. आणि वर्ग लवकर सोडाल त्या दिवशी शेवटचं मूल घरी जाईपर्यंत एक माणूस गेटवर उभा करा, शाळेचा पगारी माणूस, चौकीदाराच्या पराठ्यावर भागवू नका. अर्ध्या तासात कुणी आलं नाही तर कार्ड उलटा आणि फोन लावा. मी घरीच असते.