ट्रॉलीभर पाल्याने मासा वाढत नाही

मृग लागायच्या सुमारास भंडारा-गोंदियाकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘मामा तलावात, बोडीत पालापाचोळा, तणस टाका. मासा पाला खाऊन दुप्पट वाढतो, परदेशात सिद्ध झालंय. पाणी जितकं काळपट, तितकं कसदार.’ (मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बोडी म्हणजे लहान तळं, तणस म्हणजे धानाचा पेंढा.) तलाव ठेक्याने घेऊन मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचं वर्षाचं पोट यावर आहे, म्हणून एकेक दावा तपासू या.

मासा पाला खातो? वाळल्या पानातलं लिग्निन, म्हणजे पानाला कडकपणा देणारा चिवट भाग, रोहू-कटल्याला पचत नाही. पानावर आधी बुरशी आणि जिवाणू बसतात, त्यांना सूक्ष्म प्राणी आणि किड्यांच्या अळ्या खातात, मग कटल्याची पाळी येते. मृगळ तळाचा कुजका गाळ खातो हे खरं, पण त्याला पोसतात ते बरेचसे त्या गाळावरचे जीव. दर पायरीला बराच कस वाया जातो. शिवाय माशाच्या पिल्लांना लागणारी लांब साखळीची ओमेगा-३ स्निग्धाम्लं पाण्यातल्या शेवाळात बनतात. साग-पळसाच्या पानात ती नसतात.

परदेशातला अभ्यास मात्र खरा आहे. कॅनडातल्या डेझी लेकमध्ये, जिथे काठचं जंगल दाट, तिथे पर्च माशाची पिल्लं जास्त भरलेली निघाली (२०१४). पण तो पाला उभ्या जंगलातून ओढ्यांनी हळूहळू आलेला होता, तोही थंड पाण्यात. त्यावरून आवकीच्या बाजूचं जंगल राखा एवढंच निघतं. ट्रॉली रिकामी करा, असं मुळीच निघत नाही.

काळपट पाणी कसदार, हे तर उलटंच आहे. कुजलेल्या पाल्याचा रंग उजेड अडवतो आणि शेवाळ मंदावतं. स्वीडनच्या उत्तरेकडच्या लहान तळ्यांच्या २००९ च्या अभ्यासात गडद पाण्यात मासे कमी निघाले. तिथे खरी अडचण उजेडाची होती.

आणि मेसेजात प्राणवायूचा शब्दही नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. जूनमध्ये आपल्या बोडीत पाणी गुडघाभर आणि तापलेलं असतं. त्यात ढीगभर तणस कुजायला लागलं, की जिवाणू रातोरात प्राणवायू संपवतात. पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंड उघडतात आणि उलटे होतात. मरळ, मागूर, शिंगी हवेतून श्वास घेतात म्हणून तगतात. ते जिवंत दिसले म्हणून पाणी ठीक आहे असं समजू नका.

तणस खताच्या खड्ड्यात टाका. टाकून झालं असेल, तर बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) सोडायच्या आधी जमेल तितकं बाहेर ओढून काढा.