लॉटरी लागली म्हणजे ब्रिटनची पीआर मिळाली, असं नाही

‘इंडिया यंग प्रोफेशनल्स व्हिसावर दोन वर्षं काम करा, पुढे पीआर आपोआप’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. पीआर म्हणजे ब्रिटनमध्ये कायमचं राहण्याची परवानगी.

२०२३ साली सुरू झालेली ही योजना १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी आहे; व्हिसासाठी अर्ज कुणी करायचा, हे लॉटरीने ठरतं. व्हिसा जास्तीत जास्त २४ महिन्यांचा, आयुष्यात एकदाच. मुदतवाढ नाही, जोडीदाराला किंवा मुलांना त्यावर नेता येत नाही.

मग तिथे राहायचा मार्गच नाही का? आहे. मुदत संपण्याआधी परदेशी कर्मचारी ठेवायचा परवाना असलेल्या तिथल्या कंपनीने स्पॉन्सर केलं, काम पात्र यादीत बसलं आणि पगार ठरलेल्या मर्यादेइतका असला, तर तिथूनच स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) व्हिसासाठी अर्ज करता येतो. पण त्या मार्गाने पीआर घ्यायची तर वर्षांची मोजणी नव्या व्हिसापासून सुरू होते; आधीची दोन वर्षं त्यात धरत नाहीत. नेमकं हेच मेसेजमध्ये लपवलंय, आणि त्यावर विसंबून कुणी घरचं सोनं गहाण टाकू नये.

आणखी एक. लॉटरीत नाव नोंदवायला सरकार एक रुपयाही घेत नाही. ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.